बायचं अळणी कालवण

डॉक्टरांनी नळी कानातून काढली, गळ्यात अडकवली आणि म्हणाले, "हिचं मूळ दुखणं छातीत आहे. हृदयाची एक झडप आवळली आहे."

आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. मी, माझे भाऊजी धर्मा आणि त्यांची आई रेवाआय. समोर खाटेवर बाय पडली होती. बाय म्हणजे माझी थोरली बहीण जमना. तिचं तोंड डाव्या बाजूला ओढलं होतं. उजवा हात आणि उजवा पाय तिचे राहिले नव्हते. वाचा गेली होती. हे आंधळ्यालाही कळलं असतं, आणि हे गृहस्थ मघापासून तिची छाती ऐकत बसले होते. मला संताप आला.

"डॉक्टर, छातीला काही झालेलं नाही. तोंड वाकडं झालंय," मी म्हणाले. मी तेव्हा नुकतीच मास्तरीण झाले होते. दिसेल त्याला समजावून सांगायची खोड लागली होती.

डॉक्टर गुजराती होते. डहाणूत वर्षं काढल्यामुळे मराठी आमच्यासारखंच बोलत. ते रागावले नाहीत. "बेन, तोंड वाकडं झालंय ते मला दिसतंय. कशानं झालं ते ऐकतोय."

मग त्यांनी नाव सांगितलं. मायट्रल स्टेनोसिस. हृदयाच्या डाव्या बाजूला वर एक कप्पा असतो आणि खाली एक. दोन्हींच्या मधे जी झडप असते ती मायट्रल. ती रक्त खाली जाऊ देते, परत वर येऊ देत नाही. स्टेनोसिस म्हणजे अरुंद होणं. बायची झडप जाड होऊन कडांना चिकटत गेली होती आणि मधे जेमतेम फट उरली होती. त्यामुळे वरच्या कप्प्यात रक्त तुंबायचं. तुंबून तुंबून तो कप्पा फुगला. मग त्याचे ठोके बिघडले आणि तो नुसता थरथरत राहिला. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. अशा कप्प्यात रक्त साचतं, आणि साचलेलं रक्त गोठतं. त्या गाठीचा तुकडा सुटला, रक्ताबरोबर मेंदूत गेला आणि तिथल्या नळीत अडकला. तेवढा भाग मेला. याला स्ट्रोक म्हणायचं.

आज मी हे धडा वाचून दाखवावा तसं लिहिते आहे. तेव्हा यातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नव्हतं. तुमच्या घरी असं कुणी असेल आणि डॉक्टर बोलत असताना तुम्ही नुसती मान हलवत असाल, तर लाजू नका. दुसऱ्यांदा विचारा, तिसऱ्यांदा विचारा. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी औषधाच्या खोक्यावर चित्र काढून दाखवलं.

"झडप कशानं आवळली?" भाऊजींनी विचारलं.

"लहानपणी हिला ताप येऊन सांधे सुजले होते का?"

उत्तर मला माहीत होतं. बाय दहा-अकरा वर्षांची असेल. आधी घसा दुखला, मग ताप आला, मग गुडघे आणि घोटे टम्म फुगले. आईने निगडीचा पाला गरम करून बांधला. काही दिवसांनी सूज गेली आणि बाय पुन्हा माझ्या पुढे धावायला लागली. त्या तापाला र्‍हुमॅटिक फीवर म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

"सांधे बरे झाले," डॉक्टर म्हणाले. "झडप झाली नाही."

आमचं माहेर सरावलीचं. वडील चिकूच्या वाडीत राखणीला होते आणि आई डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायची. बायच्या लग्नाआधीच ती वारली. बायला खाडीकाठच्या पाड्यात दिलं, होडीवाल्यांच्या घरात. मी सातवी होऊन मास्तरीण झाले आणि माझी नेमणूक उधव्याला झाली. उधवा तलासरीकडचं, डोंगराच्या बाजूचं, तिथून गुजरात हाकेवर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एस.टी. धरून बायकडे यायची.

बायला दम लागायचा हे आम्हाला ठाऊक होतं. पाटी घेऊन चढ चढताना ती मधे थांबायची आणि उगाच पदर सारखा करायची, म्हणजे कुणाला वाटावं की पदरासाठीच थांबली. पहिल्या गरोदरपणात तर तिला आडवं होता येईना. मूल जन्मतानाच गेलं. सगळे म्हणाले अशक्तपणा आहे, बोंबलाचा रस्सा द्या. आम्हा लोकांत दम लागणं हे दुखणंच नव्हे. ज्या बाईला दम लागतो तिने पाटी हलकी घ्यायची, एवढंच.

झटका आला तो भर बाजारात. बाय मासळी लावून बसली होती, गिऱ्हाइकाशी घासाघीस चालली होती, आणि बोलता बोलता ती बाजूला कलंडली. पाड्यातल्या बायकांनी तिला बैलगाडीत घालून घरी आणली. अंगावरून वारं गेलं, असं ठरलं. वारं गेलेल्या माणसाला कबुतराचं रक्त चोळतात, त्याचाच रस्सा पाजतात. भाऊजींनी कुठून कुठून कबुतरं पैदा केली. दारं-खिडक्या लावून, शेगडी पेटवून बायला निजवलं. तिला धड श्वास घेता येत नव्हता आणि घरच्यांनी तिला कोंडून ठेवलं होतं. मी आल्यावर आरडाओरडा केला आणि तिला दवाखान्यात हलवलं.

दवाखान्यात तिला उशांना टेकवून बसवलं तेव्हा कुठे तिचा चेहरा माणसासारखा झाला.

वाचा गेली असं मी म्हटलं, पण एक शब्द उरला होता. "नको." पाणी हवं का, नको. आणि घटाघटा पिऊन टाकायची. भाऊजींना बोलावू का, नको, आणि डोळे दाराकडे. डॉक्टरांनी याला अफेझिया म्हटलं. मेंदूतली बोलण्याची जागा बिघडली की माणसाला काय म्हणायचं ते आत ठाऊक असतं, शब्द मात्र भलताच बाहेर पडतो. कधी कधी एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. तिला वेड लागलेलं नाही, हे त्यांनी आम्हाला बजावून सांगितलं. रेवाआयला ते समजायला वेळ लागला नाही. ती म्हणाली, "नको बोलली का आणायचं, आन् गप बसली का समजायचं खरंच नको." आणि ते बरोबर निघालं.

थोडी सावरल्यावर आम्ही तिला मुंबईला मोठ्या इस्पितळात नेलं. डहाणूच्या डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली होती. तिथे छातीचा फोटो काढला, हृदयाचा आलेख काढला, बाकावर बसवून ठेवलं, आणखी एका खोलीत पाठवलं, पुन्हा बाकावर बसवलं. बाकावर आमच्यासारखेच होते. कोकणातला एक मुलगा होता, बायपेक्षा लहान, ओठ निळसर. त्याची आई आणि मी एकमेकींना काही विचारलं नाही. नुसत्या सरकून बसलो.

सर्जन तरुण होते. त्यांनी आपलं उजव्या हाताचं बोट आमच्यासमोर धरलं. "हे बोट हृदयात घालतो. हृदय चालू असतानाच. चिकटलेली झडप बोटाने मोकळी करतो."

बायने त्यांच्या कोटाची बाही डाव्या हाताने पकडली आणि म्हणाली, "नको, नको, नको." सर्जनने दचकून आमच्याकडे पाहिलं.

"ती हो म्हणतेय," मी म्हणाले. बाही तिने सोडली नव्हती, ते त्यांनाही दिसलं.

मग त्यांनी धोका सांगितला. आतल्या कप्प्यात अजून गाठ असेल तर बोट लागताना तीही सुटू शकते. पण ऑपरेशन नाही केलं, तर ती आपण होऊनही सुटेल. कधी, ते कोणी सांगू शकत नाही. रक्त पातळ ठेवायचं औषध होतं, पण ते द्यायचं तर सारखं रक्त तपासावं लागतं आणि ती सोय डहाणूला नव्हती. "शिवाय अशा सुजलेल्या अवस्थेत मी हिला टेबलावर घेणार नाही. फुप्फुसात पाणी आहे, पायांवर सूज आहे. ती उतरवून आणा. मग घेतो."

म्हणजे आमचं काम ठरलं. बायचे पाय उतरवायचे, आणि तेही गाठ सुटायच्या आत. परतीच्या गाडीत भाऊजी आपलं बोट न्याहाळत बसले होते. जाळी ओढून ओढून जाड झालेलं बोट. मधेच ते माझ्याकडे वळले. "हृदयात बोट घालतात म्हणे," म्हणाले, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

डहाणूच्या डॉक्टरांनी डिजिटालिसच्या गोळ्या दिल्या. त्याने हृदयाचे ठोके आवरतात. लघवी होऊन अंगातलं पाणी उतरावं म्हणून इंजेक्शन सुरू केलं. आणि मीठ बंद. मिठाने अंगात पाणी धरून राहतं, पाणी वाढलं की आवळलेल्या झडपेमागे रक्त आणखी तुंबतं. म्हणून मीठ नाही, सुकी मासळी नाही, लोणचं नाही, पापड नाही.

सुक्या मासळीवर जगणाऱ्या घरात हे सांगणं म्हणजे काय ते आमच्याच लोकांना कळेल. पण रेवाआयने हूं की चूं केलं नाही. मिठाची बरणी तिने शेजारणीकडे ठेवायला दिली. दारापुढची बोंबील वाळवायची वलांडी दुसरीकडे हलवली, वासाने सुनेचा जीव जायला नको म्हणून. सुनेचं न्हाणं-धुणं ती करी. घास भरवी. उजव्या गालात अन्न साठून राहतं म्हणून बोट घालून काढी. मी पुष्कळ सासवा पाहिल्या आहेत. सुनेसाठी एवढं करणारी दुसरी पाहिली नाही.

तरी सूज उतरेना.

दर आठवड्याला डॉक्टर बायच्या नडगीवर अंगठा दाबत. खळगा पडे आणि तसाच राही. इंजेक्शन दिलं की दोन दिवस बरं वाटे, मग पाय पुन्हा पहिल्यासारखे. डॉक्टर विचारत, "मीठ?" नाही. "सुकं?" नाही. "चोरून पापड?" नाही. ते लिहून घेत, पण त्यांचा विश्वास बसलेला नसे. मला ते दिसायचं. रेवाआयलाही दिसायचं. एकदा बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मी काय चोर हाय काय गो? सुनेच्या तोंडात चोरून मीठ घालीन?"

मी तिची समजूत काढली. पण खोटं कशाला सांगू, मलाही तिचा संशय येऊ लागला होता. म्हातारं माणूस, सून जेवत नाही म्हणून मायेने चिमूटभर घालत असेल, असं मनात येई. कधी भाऊजींचा येई. आठवडा सगळा मी उधव्याला पोरांकडून पाढे म्हणवून घेई आणि मनात एकच चाले. आज गाठ सुटली असेल का? दारात एस.टी.चा माणूस निरोप घेऊन उभा राहील का? काही करता येत नव्हतं. आजाऱ्याच्या माणसांना हा एक वेगळाच आजार असतो. त्याला औषध नाही. मला रात्री झोप लागेना आणि वर्गात डुलकी लागे.

चैत्रात महालक्ष्मीची जत्रा भरली. माझी घरमालकीण शेतकऱ्याघरची, ती गाडी जोडून निघाली, मलाही ओढून नेलं. मी नवस करणाऱ्यांतली नाही. नवस बोलणाऱ्या बायकांची मी थट्टा करत आले. पण देवळासमोर उभी राहिले आणि हात आपोआप जोडले गेले. मी म्हटलं, आई, बायचे पाय उतरू दे. ते उतरेपर्यंत मी मीठ खाणार नाही.

घरमालकीण म्हणाली, "मास्तरीणबाय, बोलायला सोपं हाय."

खरोखर बोलायलाच सोपं होतं. बिनमिठाची नागलीची भाकरी आणि बिनमिठाची तुरीची आमटी. घास तोंडात नुसता फिरत राही. तलासरीच्या बाजारात मासळी मिळाली म्हणून हौसेने आणली आणि विहिरीच्या पाण्यात, चिंच-मिरची घालून शिजवली. कागद चावल्यासारखी लागली. त्या दिवशी मला बायची फार दया आली. मी ठरवून मीठ सोडलं होतं. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी खाडीकाठी गेले. एरवी मी भाऊजींच्या ताटातलं जेवत असे. त्या दिवशी रेवाआयला म्हणाले, "मला बायच्या मडक्यातलं वाढ. मी मीठ सोडलंय." तिला कौतुक वाटलं. तिने बोय मासळीचं कालवण वाढलं.

मी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. चांगलं लागत होतं. माझ्या जिभेला मीठ तुटून दिवस झाले होते, तिला फसवणं शक्य नव्हतं.

"यात मीठ आहे," मी म्हणाले.

"नाय."

"आहे. रेवाआय, खरं सांग."

"नाय म्हणते ना!"

मग माझा तोल गेला. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहवत नाही. तुम्हाला सून मारायची आहे का, इथपर्यंत गेले. भाऊजी मधे पडले तर त्यांनाही सोडलं नाही. खाटेवर बाय रडत होती आणि "नको, नको" करत होती. ते नको कुणासाठी होतं ते आम्हा कुणालाच कळलं नाही. रेवाआय एकदम उठली. तिने माझा दंड धरला आणि मला चुलीपाशी बसवलं.

"हितं बस. बघ तुज्या डोळ्यांनी. मी मीठ घातलं आसंल तर ह्या दर्यानं माझा पोर परत देऊ नये."

अशी शपथ होडीवाल्याची आई सहसा घेत नाही. भाऊजींचा चेहरा पांढरा पडला.

तिने उरलेली बोय घेतली. खवलं काढली, तुकडे केले. कोपऱ्यातल्या हंड्यातलं पाणी घेऊन धुतले. मडक्यात मिरची घातली, चिंचेचा कोळ घातला, तुकडे सोडले. मग त्याच हंड्यातलं अर्धा तांब्या पाणी ओतलं.

"हे पाणी कुठलं?" मी विचारलं.

"भरतीचं. सकाळी भरलं."

"खाडीचं? खारं?"

"मग? मासली काय गोड्या पाण्यात शिजवतात?" ती माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू मी तिला भात उन्हात शिजवतात का असं विचारलं. "गोड्या पाण्यात मासली मरते. होडीवर आमचा धनी दर्याच्याच पाण्यात कालवण करायचा. गोडं पाणी पिण्यापुरतं. मीठ आम्ही वरून चिमूटभरच घालतो. ते मी बंद केलं. डॉक्टर बोलला त्या दिसापासनं बंद."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी मीठ म्हणजे बाजारातून आणायचं, बरणीत ठेवायचं, पांढरं मीठ. दर्या म्हणजे दर्या. तिच्या दारातून खाडीपलीकडची मिठागरं दिसत होती, पांढरे ढीग उन्हात चमकत होते. ते ढीग त्याच पाण्याचे, हे ती जन्मभर बघत आली होती. तरी मासळी ज्यात शिजते ते पाणी आणि ते ढीग, यांची गाठ तिने कधी घातली नव्हती. घालायची तिला गरजच पडली नव्हती. आमच्या सरावलीला दारात विहीर, म्हणून मला हे माहीत नव्हतं. होडीवाल्या घरात वाढलेल्या भाऊजींना माहीत होतं, पण तेही रोज तेच जेवत आले होते.

मी हंड्याकडे बोट दाखवलं. "रेवाआय, मीठ यात आहे."

 ती हंड्यात बघत राहिली. मग तिने दोन्ही हातांनी हंडा उचलला, अंगणात नेऊन उपडा केला आणि तिथेच खाली बसली. मी जवळ गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो बाजूला केला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती दूरच्या विहिरीवरून गोडं पाणी आणू लागली. भाऊजी आणतो म्हणाले तर ऐकेना. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "चूक माझीही आहे, बेन. मी मीठ विचारत राहिलो, पाणी विचारलंच नाही." एवढ्या मोठ्या माणसाने असं म्हणावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पाय उतरले. बघता बघता उतरले. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला आणि खळगा भरून आला. एक दिवस दुपारी बाय एका उशीवर आडवी होऊन झोपली, आणि आम्ही तिघं तिच्याभोवती उभे राहून ते बघत होतो. मी त्या दिवशी मीठ खाल्लं. देवीने नवस पुरवला खरा, पण कुठून फिरवून आणून पुरवला ते तीच जाणे.

मुंबईला कळवलं. खाट मिळाली. दिवस ठरला. भाऊजींनी होडी किनाऱ्याला घेतली. मी रजा काढली. रेवाआयने बायचं नवं लुगडं घडी करून ठेवलं. पाड्यातल्या बायका येऊन भेटून गेल्या. बाय प्रत्येकीला "नको" म्हणाली आणि हसली.

निघायच्या आदल्या सकाळी रेवाआय तिची वेणी घालत होती. मी समोर पिशवी भरत होते. बायचे डोळे एका बाजूला वळले आणि तिथेच राहिले. मग मान कलंडली. रेवाआयच्या हातात वेणीचे पेड तसेच होते.

दुसरी गाठ.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिला, नाडी पाहिली. नळी त्यांनी छातीला लावलीच नाही. "आता माझ्याजवळ काही नाही," एवढंच म्हणाले. मी त्यांना म्हटलं, मुंबईला नेऊ. ते म्हणाले, रस्त्यात जाईल. मी म्हटलं, मग इंजेक्शन द्या, काहीतरी द्या. ते खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाय गेली. तिचे पाय शेवटपर्यंत बारीक होते. घोट्यांची हाडं दिसत होती. ज्या पायांसाठी आम्ही एवढं केलं ते पाय अगदी निरोगी माणसाचे होते, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मला कुणावर तरी ओरडायचं होतं. ओरडायला कुणीच सापडेना.

दिवसकार्य झाल्यावर भाऊजी उधव्याला आले. एवढ्या लांब ते पहिल्यांदाच आले होते. शाळेच्या पडवीत उभे राहून म्हणाले, "आये जेवत नाय. पानी भरत नाय. नुसती बसून ऱ्हाते."

मी आधी डॉक्टरांकडे गेले. त्यांना सरळ विचारलं, "त्या पाण्यानं झालं का?"

त्यांनी विचार करून उत्तर दिलं. "गाठ पाण्यानं होत नाही. झडप आवळलेली, कप्पा थरथरणारा, म्हणून गाठ झाली. ती केव्हाही सुटली असती. पण त्या पाण्यानं सूज राहिली आणि ऑपरेशनला उशीर झाला, हेही खरं. उशीर झाला नसता तर ती वाचली असती का, ते मला सांगता येणार नाही. टेबलावरही सुटली असती कदाचित." मग म्हणाले, "तुम्हाला यातलं जेवढं न्यायचं तेवढं न्या."

मी खाडीकाठी गेले तेव्हा रेवाआय दारात बसली होती. मी तिच्याशेजारी बसले.

"रेवाआय, मी डॉक्टरांना विचारून आले. गाठ तुझ्या पाण्यानं झाली नाही."

"मग कशानं?"

"लहानपणी तिला ताप आला होता. झडप तेव्हाच गेली. आमच्या घरी. तुझ्या घरात आली तेव्हा ती हे दुखणं घेऊनच आली होती. गुडघे सुजले तर आमच्या आईने पाला बांधला. सूज गेली, तशी बरी झाली म्हणून सोडून दिलं. डॉक्टरकडे नेलं असतं तर कदाचित..."

"गप!" रेवाआय म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा तो जुना आवाज निघाला. "तुज्या आयेला बोलू नको. तिला काय ठावं? पोरीचं गुडघं सुजलं, तिनं पाला बांधला. जिला म्हाईत नाय ती काय करंल? मायेनंच केलं ना तिनं?"

"मायेनंच केलं," मी म्हणाले.

"मग तिचा काय दोष?"

"काही दोष नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. आपण काय बोललो ते तिला हळूहळू ऐकू आलं असावं. मग तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली, बाय गेल्यापासून पहिल्यांदा.

डॉक्टरांनी सांगितलेलं उशिराचं मी तिला कधीच सांगितलं नाही. ती आता नाही, म्हणून इथे लिहिते आहे. तुमच्या घरात कुणाचं मीठ बंद झालं असेल, तर पाणी कुठलं ते विचारा, आणि आजाऱ्याच्या ताटातला एक घास स्वतः खाऊन बघा. पोराचा घसा दुखून सांधे सुजले तर पाला बांधून थांबू नका. एवढं सगळं करूनही कधी कधी काही उपयोग होत नाही. तेव्हा घरातलं कुणीतरी एक माणूस दारात नुसतं बसून राहतं. त्याच्याशेजारी जाऊन बसा. माझ्या आईला रेवाआयने कधी पाहिलं नव्हतं, तरी तिच्यासाठी ती माझ्यावर ओरडली. तिचे उपकार मी कशाने फेडणार होते?